सुरक्षित महामार्ग आणि शासकीय निधीतील संशोधन : अमेरिकेतील प्रयोगांचा परिचय

प्रस्तावना

रस्ता ही सर्वांच्या वापराची वस्तू आहे. पायी चालणारा, सायकलस्वार, मालट्रकचा चालक आणि एस.टी.चा प्रवासी या सर्वांचा त्यावर सारखाच हक्क असतो. मात्र रस्ता कसा बांधला असता अधिक काळ टिकेल आणि कोणत्या रचनेमुळे त्यावर कमी माणसे मरतील, हे शोधून काढण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे नाही. औषध तयार करणारी कंपनी संशोधनावर खर्च करते व औषध विकून तो भरून काढते. रस्त्याच्या बाबतीत असे घडत नाही. ठेकेदाराला काम मिळते ते सर्वांत कमी दराच्या निविदेवर. नियमावलीत जेवढे लिहिले असेल तेवढेच करण्यात त्याचे हित असते. दहा वर्षे अधिक टिकणारा रस्ता त्याने शोधून काढला, तर त्याचेच पुढचे काम कमी होते. न घडलेल्या अपघाताचे बिल तर कोणालाच पाठविता येत नाही. त्यामुळे जगात सर्वत्र महामार्गविषयक मूलभूत संशोधन प्रामुख्याने शासनाच्या पैशातून झालेले आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अशा संशोधनाचा परिचय करून दिला आहे. या संशोधनाच्या नोंदी तपशीलवार उपलब्ध आहेत आणि त्यातील काही निष्कर्ष भारतीय रस्त्यांच्या मानकांतही आलेले आहेत. विषय अभियांत्रिकीचा वाटला तरी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र व नागरिकशास्त्र या सर्वांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

१. ओटावा येथील रस्ता-चाचणी

१९५६ साली अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. सुमारे ४१,००० मैल लांबीचे महामार्ग बांधावयाचे होते आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलणार होते. इतकी मोठी रक्कम खर्च करताना रस्त्याची जाडी किती ठेवावी हा प्रश्न साहजिकच पुढे आला. जड वाहनांनी रस्ता किती खराब होतो आणि त्यांच्याकडून किती कर घ्यावा, हा वादही त्याला जोडलेला होता.

उत्तर शोधण्यासाठी इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे 'आशो'ने, एक भव्य प्रयोग उभा केला. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या महामार्ग संशोधन मंडळाने त्याचे संचालन केले. खर्च सुमारे दोन कोटी सत्तर लाख डॉलर झाला. रस्त्याची सहा वर्तुळे बांधून त्यांचे निरनिराळ्या जाडीचे आठशेहून अधिक तुकडे पाडण्यात आले. पाच वर्तुळांवर १९५८ ते १९६० या काळात सैन्यातील जवान ठरावीक वजनाचे ट्रक सतत फिरवीत होते. एका वर्तुळावर मात्र वाहतूक मुळीच सोडली नाही. केवळ ऊन, पाऊस व थंडी यांनी रस्ता किती खराब होतो हे त्यावरून कळणार होते. प्रयोग संपेपर्यंत आसांच्या अकरा लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या.

रस्ता 'खराब झाला' असे केव्हा म्हणावे, याबाबतची या प्रयोगाची पद्धत शिक्षकांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. निरनिराळ्या व्यक्तींना रस्त्यावरून नेऊन शून्य ते पाच असे गुण देण्यास सांगण्यात आले. नंतर त्या गुणांची सांगड खडबडीतपणा, भेगा व ठिगळे यांच्या मोजमापांशी घालण्यात आली. म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव हा मूळ निकष मानून उपकरणाचे आकडे त्याच्याशी जुळविले गेले.

या चाचणीतून निघालेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष 'चौथ्या घाताचा नियम' म्हणून ओळखला जातो. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही. ती सुमारे सोळापट होते, कारण दोनचा चौथा घात सोळा आहे. मोटारीमुळे रस्त्याची होणारी झीज ट्रकच्या तुलनेत जवळजवळ नगण्य का मानतात, हे यावरून समजते.

२. दोष चालकाचा की रस्त्याचा?

रस्ता टिकण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटू लागला, तरी त्यावरील माणसे वाचविण्याचा प्रश्न तसाच होता. त्या काळी बहुतेक अपघातांचे खापर चालकावर फोडले जाई. चालकाने सावध राहावे, त्याला शिकवावे, न ऐकल्यास दंड करावा, असा उपायांचा क्रम होता. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटारींच्या सदोष रचनेकडे लोकांचे लक्ष वेधले आणि १९६६ मध्ये वाहन सुरक्षा व महामार्ग सुरक्षा असे दोन कायदे एकाच वेळी संमत झाले.

नव्या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर होते. साथीच्या रोगाचा विचार करावा तसाच अपघाताचा करावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी एक साधा तक्ता मांडला. त्यात आघातापूर्वीचा, आघाताच्या वेळचा आणि आघातानंतरचा असे तीन टप्पे असून प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि परिसर या तिन्ही बाजूंनी काय करता येईल याचा विचार केलेला असतो. चालक झोपेमुळे रस्ता सोडून बाहेर गेला असे समजू. पूर्वीची विचारसरणी येथेच थांबत असे. हॅडन यांचा तक्ता पुढे विचारतो : त्याला जागे करणारी एखादी सोय रस्त्याच्या कडेला होती काय? कडेला झाड होते की मोकळी जागा? त्याने पट्टा बांधला होता काय? रुग्णवाहिका किती वेळात पोहोचली? चूक चालकाची असली तरी तिची शिक्षा मृत्यूच असली पाहिजे असे नाही, हा त्यामागील विचार आहे.

३. क्षमाशील रस्ताकड व आघात-चाचण्या

१९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीने प्रतिनिधी जॉन ब्लॅटनिक यांच्या अध्यक्षतेखाली नव्या महामार्गांची चौकशी केली. न्यूयॉर्कमधील दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्या एका सामान्य नागरिकाने तेथे स्वतः काढलेली छायाचित्रे दाखविली. भक्कम खांबांवर उभे असलेले दिशाफलक, उघडे पडलेले पुलांचे कठडे, भाल्यासारखी पुढे आलेली लोखंडी कठड्यांची टोके असे सर्व काही त्यांत होते. हे सर्व त्या काळच्या मानकांनुसारच बांधलेले होते, ही गोष्ट समितीला अधिक धक्कादायक वाटली.

'क्षमाशील रस्ताकड' ही कल्पना या सुमारास दृढ झाली. वाहन रस्ता सोडणारच असे गृहीत धरून कडेची जागा शक्य तेथे मोकळी व सपाट ठेवावी. अडथळा हलविता येत नसेल तर तो धडकेने सहज निखळणारा असावा. तेही शक्य नसेल तरच त्याच्यापुढे कठडा लावावा. टेक्सास परिवहन संस्थेने राज्याच्या महामार्ग विभागाच्या व केंद्राच्या साहाय्याने बुडाशी निखळणाऱ्या फलक-खांबांची रचना विकसित केली. मोटार आदळताच खांब बुडापासून सुटतो आणि मोटार खालून निघून जाते. न्यू जर्सी राज्याच्या महामार्ग विभागाने घडविलेला काँक्रीटचा दुभाजकही याच विचारधारेतील आहे. त्याच्या पायथ्याचा उतार मुद्दाम पसरट ठेवलेला असतो. कमी कोनातून आलेल्या वाहनाचे चाक त्या उतारावर थोडे चढते, वाहन वळते व पुन्हा आपल्या मार्गिकेच्या दिशेने येते. समोरून येणाऱ्या वाहनांवर ते जाऊन आदळत नाही.

अशा साधनांची परीक्षा घेण्यासाठी एकच पद्धत असणे आवश्यक होते. १९६२ मध्ये राज्यांनी आपापल्या निधीतील वाटा एकत्र करून राष्ट्रीय सहकारी महामार्ग संशोधन कार्यक्रम सुरू केला. त्याच्या ३५० क्रमांकाच्या अहवालाने १९९३ मध्ये आघात-चाचणीची पद्धत निश्चित केली. त्यात छोटी मोटार ८२० किलोग्रॅमची व पिकअप २,००० किलोग्रॅमचा होता. २००९ च्या नव्या नियमपुस्तिकेत ही वजने १,१०० व २,२७० किलोग्रॅम करण्यात आली. कारण सरळ होते. रस्त्यावरची वाहने जड झाली होती आणि जुन्या वाहनांना रोखणारा कठडा नव्यांना रोखील याची खात्री नव्हती. सुरक्षेचे मानक एकदा ठरवून कायमचे ठेवता येत नाही, हे यावरून दिसते.

४. आकडे कसे फसवितात

उपाय केला, अपघात कमी झाले, म्हणून उपाय यशस्वी, हे अनुमान वरवर पाहता निर्दोष वाटते. ते तसे नसते. समजा, एका राज्यात अगदी सारखे असे २०० चौक आहेत आणि प्रत्येकात वर्षाला सरासरी दोन अपघात होतात. केवळ योगायोगाने एखाद्या वर्षी त्यांपैकी तीन-एक चौकांत सहा किंवा अधिक अपघात होतील. हे चौक 'धोकादायक' ठरवून तेथे नवा फलक लावला, तर पुढील वर्षी तेथील अपघात पुन्हा दोनच्या आसपास येतील. मात्र फलक लावला नसता तरी ते तितकेच खाली आले असते. संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती म्हणतात. जेथे अपघात जास्त झाले तेथेच उपाय केले जातात, म्हणून रस्ता-सुरक्षेच्या क्षेत्रात ही फसगत वारंवार होते.

कॅनडातील संशोधक एझ्रा हाऊअर यांनी या दोषावर दीर्घकाळ काम केले व १९९७ मध्ये पूर्व-उत्तर तुलनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. एखाद्या ठिकाणाच्या स्वतःच्या नोंदी आणि तशाच इतर ठिकाणांची सरासरी यांचा योग्य मेळ घालून 'उपाय केला नसता तर काय झाले असते' याचा अंदाज बांधावयाचा, असे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली महामार्ग सुरक्षा नियमपुस्तिका याच पद्धतीवर आधारलेली आहे.

या कसोटीवर टिकलेले दोन उपाय पाहण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेवर वा कडेला लांबीच्या दिशेने कोरलेल्या खाचा. भारतात गाड्यांचा वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर आडवे उंचवटे घालतात, त्यांहून या खाचा वेगळ्या होत. चाक त्यांवर गेले की मोठा खडखडाट होतो व डुलकी लागलेला चालक भानावर येतो. राष्ट्रीय सहकारी कार्यक्रमाच्या २००९ च्या अहवालानुसार ग्रामीण दुपदरी रस्त्यांवर मध्यरेषेवरील खाचांमुळे समोरासमोरच्या धडकांतील मृत्यू व इजा यांचे अपघात सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. दुसरा उपाय आधुनिक वर्तुळाकार चौकाचा. आत येणाऱ्याने वर्तुळातील वाहनाला आधी जाऊ द्यावे, हा नियम ब्रिटनने १९६६ मध्ये लागू केला व त्यामागेही तेथील शासकीय प्रयोगशाळेचे काम होते. साध्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात वा मिळतात. एकपदरी वर्तुळाकार चौकात अशी ठिकाणे केवळ आठ असतात. वेगही कमी राहतो. सिग्नल असलेल्या चौकाचे अशा चौकात रूपांतर केल्यास मृत्यू व इजा होणारे अपघात सुमारे ७८ टक्क्यांनी कमी होतात, असे अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने नमूद केले आहे.

५. दोन व्यूहात्मक कार्यक्रम

ओटावाच्या चाचणीला मर्यादा होत्या. माती एकाच प्रकारची, हवामान एकाच गावचे व काळ अवघा दोन वर्षांचा. १९८४ मध्ये परिवहन संशोधन मंडळाच्या एका अहवालाने दाखवून दिले की, देशाच्या इतक्या मोठ्या मालमत्तेच्या मानाने महामार्ग संशोधनावरील खर्च अगदी नगण्य आहे. त्यानुसार १९८७ च्या कायद्याने महामार्गांसाठीच्या केंद्रीय साहाय्यातील पाव टक्का बाजूला काढून पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलरचा व्यूहात्मक महामार्ग संशोधन कार्यक्रम सुरू केला.

त्यातील एक तृतीयांश रक्कम डांबराच्या अभ्यासावर ठेवली होती. तोपर्यंत डांबराची प्रत ठरविण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला त्यात सुई किती खोल शिरते हे मोजण्याची पद्धत रूढ होती. पण कडक उन्हात डांबर किती मऊ होईल किंवा गोठत्या थंडीत किती तडकेल हे त्यावरून कळत नसे. नव्या पद्धतीत डांबराची प्रत तापमानानेच दर्शविली जाते. '६४ उणे २२' या प्रतीचा अर्थ असा, की रस्त्याचे तापमान ६४ अंशांपर्यंत चढले व उणे २२ अंशांपर्यंत उतरले तरी ते डांबर काम देईल. याच कार्यक्रमात अमेरिका व कॅनडातील अडीच हजारांच्या आसपास रस्त्यांच्या तुकड्यांचे दीर्घकालीन निरीक्षणही सुरू झाले.

दुसरा कार्यक्रम २००६ ते २०१५ या काळात चालला. त्यात सहा ठिकाणच्या तीन हजारांहून अधिक चालकांनी स्वेच्छेने आपल्या मोटारींत कॅमेरे व संवेदक बसवून घेतले. अपघातानंतर पोलिसांना दिलेल्या जबाबावर विसंबून न राहता, अपघातापूर्वीच्या क्षणी नेमके काय घडत होते हे प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाहता आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार हातात मोबाईल घेऊन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका, सावध व सक्षम चालकाच्या तुलनेत सुमारे साडेतीनपट असतो. क्रमांक फिरविताना तो सुमारे बारापट होतो. गंभीर स्वरूपाच्या सुमारे ८८ टक्के अपघातांत चालकाची चूक, बेसावधपणा, थकवा किंवा नशा यांपैकी काही ना काही आढळले.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. चालकाची चूक आढळली म्हणून उपायही चालकावरच करावा, असे त्यातून निघत नाही. माणसे चुकणारच, हे याहून ठळकपणे सिद्ध करणारा पुरावा क्वचितच मिळेल. आणि म्हणूनच हॅडन यांच्या तक्त्यातील उरलेल्या घरांचे महत्त्व वाढते. बेसावध चालकाला उपदेशापेक्षा रस्त्यावरच्या खाचा अधिक खात्रीने जागे करतात.

६. यश आणि उणीव

१९६६ मध्ये अमेरिकेत दर दहा कोटी मैल वाहन-प्रवासामागे साडेपाच माणसे मृत्युमुखी पडत. २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे १.०८ इतके खाली आले. याचे सर्व श्रेय रस्ता-संशोधनाला देता येणार नाही. सीटबेल्ट, मद्यपानविरोधी कायदे, वाहनांतील सुधारणा व तातडीची वैद्यकीय सेवा यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

तथापि या यशाला दुसरी बाजू आहे. २००९ मध्ये अमेरिकेत वाहनांखाली सापडून सुमारे ४,१०० पादचारी मृत्यू पावले होते. २०२२ मध्ये ही संख्या ७,५०० च्या वर गेली. रुंद मार्गिका व मोकळ्या कडा चालकाला क्षमा करतात, पण त्यामुळे वेगही वाढतो आणि शहरातील रस्त्यावर त्याची किंमत पायी चालणाऱ्याला द्यावी लागते. अनेक दशके संशोधनाचे प्रश्न मोटारीत बसलेल्या माणसाला समोर ठेवून विचारले गेले. ज्याच्याविषयी प्रश्नच विचारला गेला नाही, त्याच्यासाठी उत्तरही सापडले नाही.

७. भारतीय संदर्भ

भारतात शास्त्रीय रस्ता-विकासाचा आरंभ मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीपासून मानला जातो. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. समितीच्या १९२८ च्या अहवालानंतर १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये दिल्ली येथे केंद्रीय रस्ता संशोधन संस्था अस्तित्वात आली.

ओटावाच्या प्रयोगाचा वारसा भारतीय मानकांत स्पष्ट दिसतो. डांबरी रस्त्याची जाडी ठरविताना ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात आणि इतर भारांचे रूपांतर चौथ्या घाताने करतात. २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसावरील कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन करण्यात आली. भारातील वाढ १३ टक्क्यांच्या आतबाहेर दिसते. पण चौथ्या घाताच्या नियमाने पूर्ण भरलेल्या आसामुळे होणारी हानी सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते. अधिक मालामुळे वाहतुकीच्या खर्चात होणारी बचत आणि रस्त्याच्या डागडुजीचा वाढता खर्च यांचा ताळेबंद मांडणे हा अर्थशास्त्राच्या वर्गातील उत्तम अभ्यास होऊ शकेल.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र अमेरिकेचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे योग्य नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची व सुमारे १९ टक्के पायी चालणारी होती. मोटार आणि पिकअप आदळवून पारखलेल्या कठड्याचा लोखंडी खांब दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या तरुणाला काय करील, हा प्रश्न त्या चाचण्यांत विचारलेला नाही. वडोदऱ्याहून मुंबई, पुणे, कोल्हापूरमार्गे बेळगावला येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ असो, की गोव्यातून जाणारा ६६, या मार्गांवर मालट्रक, दुचाकी, ट्रॅक्टर आणि शाळेला जाणारी मुले एकाच वेळी असतात. या मिश्र वाहतुकीचे संशोधन येथेच व्हावे लागेल. दिल्लीच्या आयआयटीसारख्या संस्थांनी त्या दिशेने काम केले आहे, परंतु क्षेत्र विशाल आहे.

समारोप

अमेरिकेच्या अनुभवातून मुख्यतः चार गोष्टी हाती लागतात. महामार्गांवरील खर्चाचा अल्पसा, पण ठरलेला हिस्सा संशोधनासाठी राखून ठेवला तर त्यातून दीर्घकाळ उपयोगी पडणारे ज्ञान मिळते. मानकांनुसार बांधलेला रस्ता सुरक्षित असेलच असे नाही. उपायाचे मूल्यमापन कठोर पद्धतीने केले नाही तर योगायोगालाच यश समजले जाते. आणि संशोधनात कोणाचा जीव मोजला जातो, हे प्रश्न कोण व कसा विचारतो यावर अवलंबून असते.

यांपैकी तिसऱ्या व चौथ्या बाबतीत महाविद्यालयांनाही काही करता येण्याजोगे आहे. महाविद्यालयाच्या फाटकासमोरील रस्ता पायी ओलांडणाऱ्यांची तासागणिक संख्या, वाहनांचा वेग, आणि उपाय झालेल्या ठिकाणाची तशाच पण उपाय न झालेल्या ठिकाणाशी तुलना, एवढ्या नोंदी विद्यार्थ्यांना ठेवता येतात. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सातत्य मात्र लागते. बहुसंख्य विद्यार्थी दुचाकीने किंवा पायीच ये-जा करतात, म्हणून या नोंदींचा संबंध थेट त्यांच्या जीवाशी आहे.